चपट्या डोक्याच्या माशांचा पावसाळा

वीज गेली की मी आधी पंख्याचं बटण बंद करते. घरात इन्व्हर्टर येऊन बरीच वर्षं झाली, वीज गेली तरी पंखा फिरतच असतो, पण माझा हात भिंतीकडे जातोच. सून वैतागते. "आई, उकडतंय हो आम्हाला," म्हणते. मी पुन्हा पंखा लावते आणि पुढच्या वेळी पुन्हा बंद करते. ऑगस्टातल्या दमट दुपारी तर हे हमखास होतं. आभाळ भरलेलं, पडायचं नाव नाही, साडी पाठीला चिकटलेली, अशा वेळी वीज गेली की मी नागपूरच्या फ्लॅटमध्ये नसते. मी कलकत्त्याला असते, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, आणि माझ्यासमोर टेबलावर एक काळा कागद पसरलेला असतो.

सत्तरच्या दशकातलं ते वर्ष. बाबा रेल्वेच्या हिशेब खात्यात अधिकारी होते. कचेरी गार्डन रीचला आणि क्वार्टरही तिथेच, नदीच्या अंगाला. आमचं घर मूळचं अमरावतीकडचं, देशस्थ, कांदासुद्धा चातुर्मासात बंद. अशा घरातली मी मुलगी प्राणिशास्त्र शिकायला गेले आणि बेडूक कापता कापता माशांपर्यंत पोचले. आईने बेडूक कसाबसा पचवला होता. मासा मात्र तिला पचणार नव्हता.

त्यातून माझ्या वाट्याला आलेला मासा. चक्रवर्ती सरांनी प्रबंधाचे विषय वाटले त्या सकाळी रस्त्यात मोर्चा निघाला आणि माझी ट्राम अडकून पडली. मी पोचेपर्यंत चांगले मासे संपले होते. कुणाला इलिश म्हणजे हिलसा मिळाला होता, कुणाला रुई म्हणजे रोहू, कुणाला मागूर. ज्यांच्यावर पुस्तकं लिहिलेली आहेत, जे नदीत, तळ्यात, बाजारात कुठेही मिळतात, असे सगळे भले मासे. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मिस देशपांडे, तुम्ही समुद्राच्या बाजूचे लोक ना? तुम्ही समुद्रातला घ्या."

अमरावतीपासून समुद्र किती लांब आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्या लेखी महाराष्ट्र म्हणजे मुंबई आणि मुंबई म्हणजे समुद्र. तर मला चपट्या डोक्याच्या माशांचं अख्खं कुटुंब मिळालं. त्यातल्या बंगालच्या उपसागरात सापडणाऱ्या एका जातीच्या प्रजननावर लिहायचं होतं.

हा मासा पहिल्यांदा ट्रेमध्ये पाहिला तेव्हा वाटलं, कुणीतरी याच्या डोक्यावर पाय देऊन पुढे गेलं आहे. डोकं रुंद, सपाट, कडेला काटेच काटे. धरायला गेलं की बोटात घुसतात आणि दोन दिवस ठणकतात. डोळे बाजूला नाहीत, वर, आढ्याकडे लागलेले. रंग वाळूचा, त्यावर चिखलाचे डाग. इतर माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यामुळे ते पाण्यात तरंगतात. याला ती पिशवीच नाही. पोहणं थांबवलं की हा दगडासारखा तळाला जातो. मग त्याने तळालाच संसार मांडला. पंख हलवून थोडी वाळू उडवायची, ती अंगावर घ्यायची, फक्त डोळे बाहेर ठेवायचे आणि पडून राहायचं. बुबुळावरही एक झालरीसारखी कातडी असते, म्हणजे डोळासुद्धा डोळा वाटू नये. वरून एखादी कोळंबी चालली की जबडा उघडतो आणि मिटतो. तिथलीच वाळू पुन्हा तिथे बसते.

म्हणजे हा मासा करतो काय, तर काही करत नाही. असं प्रबंधात कसं लिहायचं? इलिशवाली माझी मैत्रीण समुद्रातून गंगेत चढणाऱ्या थव्यांबद्दल लिहीत होती. माझा नायक वाळूत पडून होता.

पोट फाडून पाहावं तर निम्म्याहून जास्त पोटं रिकामी. मी सरांना सांगितलं तर म्हणाले, "रिकामं पोट हा काय निष्कर्ष आहे? कलकत्त्यात निम्मी पोटं रिकामी आहेत. तुम्ही जननग्रंथी बघा."

ते माझ्याशी इंग्रजीत बोलत आणि रागावले की बंगालीत. त्या वर्षी मी बंगाली चांगलंच शिकले.

जननग्रंथी पाहायला लागले आणि खरी कटकट तिथे सुरू झाली. लहान मासे कापले की सगळे नर. मोठे कापले की सगळ्या माद्या. एकही मोठा नर सापडेना, एकही लहान मादी सापडेना. सुरुवातीला वाटलं योगायोग. मग वाटलं आपल्याला ओळखता येत नाही. मग सरांना वाटलं की मला ओळखता येत नाही.

"यात विशेष काय?" सर म्हणाले. "माद्या लवकर वाढतात, नर छोटेच राहतात आणि लवकर मरतात. हे लिहिलं गेलेलं आहे. तेच लिहा आणि मोकळ्या व्हा."

मी तेच लिहिलंही असतं. पण एप्रिलमध्ये एक मधल्याच मापाचा मासा मिळाला, ना धड लहान ना धड मोठा. त्याची ग्रंथी मेणाच्या ठोकळ्यात बसवून तिचे काप काढले, काचेवर घेतले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. एका कडेला नराची ग्रंथी होती, आकसलेली, विरत चाललेली. आणि तिला लागूनच, त्याच पडद्याच्या आत, कोवळी अंडी एकमेकांना खेटून बसली होती. मी काच सरकवली, परत आणली. नर आणि मादी एकाच माशात होती. नर मरत नव्हते. ते वाढत होते, आणि वाढता वाढता माद्या होत होते.

मी सरांना बोलावून आणलं. त्यांनी वाकून पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं, आणि सरळ होऊन म्हणाले, "दोन माशांचे तुकडे एकाच मेणाच्या ठोकळ्यात गेले आहेत. काळजीपूर्वक काम करत जा."

आक्षेप चुकीचा नव्हता, हेच जास्त चीड आणणारं होतं. तसं होऊ शकतं. माझ्या हातून तसं झालेलं नाही हे फक्त मला माहीत होतं. दुसरा मधला मासा आणायचा आणि पुन्हा दाखवायचं, एवढाच मार्ग होता.

आणि मग मासेच यायचे बंद झाले.

मे महिन्यात रेल्वेचा तो मोठा संप झाला. समुद्रातले मासे ओरिसा-आंध्राच्या किनाऱ्यावरून बर्फात घालून गाडीने हावड्याला येत. गाड्या थांबल्या, मासे थांबले. बाबा अधिकारी, त्यामुळे त्यांचा मुक्काम कचेरीत. घरी आले की दमलेले आणि गप्प. एकदा जेवताना मी विचारलं, "बाबा, मालगाड्या कधी सुरू होतील?"

ते म्हणाले, "अख्ख्या देशाला कोळशाची काळजी आहे. तुला कशाची आहे?"

"माशांची."

आईने वाढता वाढता हात थांबवला. "पानावर बसून नाव नको काढूस त्याचं," ती म्हणाली.

संप मिटला तर पाऊस आला, समुद्र खवळला, ट्रॉलर बंदरात अडकले. ट्रॉलर निघाले तर शहरात बंद पुकारला. बंद उघडला तर वीज गेली. त्या वर्षीचं लोडशेडिंग ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. वेळापत्रक नावाला असायचं. सकाळी जायची, दुपारी जायची, आली आली म्हणेपर्यंत परत जायची. आमच्या कामाला ओव्हन लागत असे. ग्रंथीचा तुकडा वितळलेल्या मेणात तासन् तास मुरवायचा, मेण आतपर्यंत भिनलं पाहिजे, मग त्याचा ठोकळा करायचा आणि यंत्रावर पापुद्र्यासारखे काप काढायचे. मध्येच वीज गेली की मेण गोठणार आणि तुकडा ठिसूळ होणार. त्या विभागात त्या पावसाळ्यात जितके शिव्याशाप दिले गेले तितके शहरातल्या सगळ्या मोर्चांत मिळून दिले गेले नसतील.

जुलैत एकदाचा दुसरा मधला मासा हाती लागला. त्याचा ठोकळा नीट जमला. एका दुपारी वीज नव्हती, पण काप काढायचं यंत्र हाताने फिरतं, त्यामुळे मी बसले. उलट वीज नाही ते बरंच, असं वाटलं, कारण काप काढताना पंखा चालत नाही. घामाच्या धारा लागलेल्या. कापांची फीत निघायला लागली, एकाला एक जोडलेली, श्वासाने हलेल इतकी हलकी. ती कुंचल्याने उचलून मी काळ्या कागदावर ओळीने मांडत होते. शेवटच्या ओळी राहिल्या होत्या.

सर आत आले. घामाने निथळत होते. "अजून आली नाही का?" असं म्हणून त्यांनी भिंतीवरचं पंख्याचं बटण खाली केलं, वर केलं, परत खाली केलं, आणि कुणालातरी हाका मारत निघून गेले. त्या काळी सगळं कलकत्ता येता-जाता बटणं दाबून बघत असे.

थोड्या वेळाने वीज आली.

पंखा पूर्ण वेगाने सुरू झाला. काळा कागद उचलला गेला आणि माझे काप खोलीभर झाले. काही माझ्या केसात अडकले, काही खिडकीच्या जाळीला, काही फरशीवरच्या ओलीत जाऊन विरघळल्यासारखे नाहीसे झाले. मी पंखा बंद केला आणि टेबलाखाली रांगत राहिले. सर दारात येऊन उभे राहिले.

"पंखा कुणी चालू ठेवला?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बटणाकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "अजून एक मासा बघा." आणि गेले.

आज मला हसू येतं. त्या दिवशी मी ट्राममध्ये रडले आणि शेजारच्या बाईने मला पदराने वारा घातला. घरात कुणीतरी गेलं असावं असं तिला वाटलं असणार.

त्याच सुमाराला घरात दुसरा एक उद्योग चालू होता. मराठी मंडळाच्या ओळखीतून एक स्थळ आलं होतं. मुलगा दुर्गापूरला इंजिनिअर. त्याची मावशी भवानीपूरला राहायची, सबनीस मावशी, तीन पिढ्या कलकत्त्यात काढलेल्या. मराठी बोलताना त्यांचा "स" मध्येच "श" व्हायचा. त्या मुलाला घेऊन आमच्याकडे आल्या. आईने मला आदल्या दिवसापासून बजावलं होतं, "काय शिकतेस विचारलं तर जीवशास्त्र म्हण. पुढे काही बोलू नकोस."

मी चहा दिला. सबनीस मावशींनी माझा हात हातात घेतला आणि बोटं पाहून त्यांचा चेहरा उजळला. बोटांची टोकं पिवळीधमक होती.

"शैंपाकात असते वाटतं मुलगी," त्या आईला म्हणाल्या. "आजकाल शिकलेल्या मुली हळदीला हात लावत नाहीत."

आई चटकन म्हणाली, "हो, सवय आहे तिला."

मला गप्प बसता आलं असतं. पण सकाळपासून वीज नव्हती, तिसरा मासा मिळत नव्हता, आणि मुलाने स्वतःच विचारलं, "हळदच ना? केमिकल वाटतंय." तो विचारत होता ते खरंच कुतूहलाने.

"केमिकल आहे," मी म्हटलं. "पेशी टिकवायचं द्रावण असतं, त्याचा डाग महिना महिना जात नाही."

"कशाच्या पेशी?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माशाच्या जननग्रंथीच्या." आणि एकदा तोंड उघडल्यावर सगळंच सांगून टाकलं. हा मासा आधी नर असतो, नर म्हणून संसार करतो, मग मोठा झाला की मादी होतो आणि अंडी घालतो. सबनीस मावशींनी कप बशीत ठेवला. बाबा खिडकीबाहेर नदीकडे बघत होते. मुलगा म्हणाला, "मग नर राहतच नाही शेवटी?"

"नाही," मी म्हटलं.

चार दिवसांनी निरोप आला की मुलगी फार हुशार आहे. हुशार म्हणजे नको, हे आमच्याकडे सगळ्यांना कळतं. आई आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलली. बाबा एवढंच म्हणाले, "निदान हळद तरी म्हणायचंस."

आणि त्या आठवड्यातच बाबांची बदलीची ऑर्डर आली. बिलासपूर. दुर्गापूजेच्या आधी हजर व्हायचं. म्हणजे माझा प्रबंध पूजेच्या सुट्टीआधी गेला नाही तर तो राहणार, परीक्षा राहणार, मी कुठे राहणार हाही प्रश्न. आईने खोकी आणवली आणि भांडी बांधायला काढली. एका संध्याकाळी ती खोक्यांमध्ये बसून म्हणाली, "तुझं ते काय अडलंय नेमकं?"

"मधल्या मापाचा मासा मिळत नाहीये."

"कुठे मिळतो?"

"हावड्याच्या बाजारात. पण पहाटे जावं लागतं. सर म्हणतात मुलीने एकटीने जाऊ नये, आणि बरोबर कुणी येत नाही."

आईने सुतळीची गाठ मारली. "मी येते," ती म्हणाली. "एकदाचं संपव ते. या घरात मला आणखी एक दिवस हा विषय नकोय."

हावड्याच्या मासळी बाजारात माझी आई उभी आहे, हे चित्र माझ्याखेरीज कुणी पाहिलेलं नाही, आणि सांगितलं तर अमरावतीला कुणी विश्वास ठेवला नाही. पहाटेचा पाऊस, पायाखाली बर्फाचं, चिखलाचं आणि कशाकशाचं पाणी, डोक्यावर टोपल्या घेऊन धावणारे हमाल. तिने नऊवारी नव्हे, पण पाचवारीसुद्धा घोट्याच्या वर खोचली होती आणि पदर नाकाला लावला होता. डोळे तेवढे उघडे. पहिला थोडा वेळ ती एका खांबाला धरून उभी राहिली. मला वाटलं आता ही पडणार.

इलिशच्या ढिगांभोवती गर्दी होती. समुद्रातले बिनकामाचे मासे एका कडेला टाकलेले असत, सुकवायला किंवा कोंबड्यांच्या खाद्याला जाणारे. मी उकिडवी बसून त्या ढिगात हात घातला. विकणारा माणूस माझ्याकडे दयेने पाहत म्हणाला, "ए माछ के खाबे, दीदी?" हा कोण खाणार, असं तो विचारत होता.

"खाबो ना, काटबो," मी म्हटलं. खाणार नाही, कापणार. त्याने मान हलवली आणि आपल्या कामाला लागला.

लहान मिळत होते, मोठे मिळत होते. पावसाने ढिगाभोवती पाणी साचत होतं. एवढ्यात आई माझ्या बाजूला येऊन वाकली. पदराआडून म्हणाली, "कसा दिसतो तो?"

"डोकं चपटं. काटे आहेत, हात लावू नकोस."

"मी कशाला हात लावते?" ती म्हणाली, आणि छत्रीच्या टोकाने ढीग बाजूला करायला लागली. "हा?"

"तो मोठा आहे."

"हा?"

"तो जातच वेगळी आहे, आई."

"मला काय माहीत त्यांच्या जाती," ती कातावून म्हणाली. छत्री चालू राहिली. शेजारचे दोन-तीन विक्रेते गंमत बघायला जमले. त्यांच्यातल्या एकाने आणखी एक टोपली आणून आमच्यासमोर उलटी केली. तिच्यात मधल्या मापाचे बरेच होते. ते मी पिशवीत भरत असताना आई सरळ उभी राहिली, तिने पदर नाकावरून काढला आणि त्या माणसाला हिंदीत म्हणाली, "भगवान तुम्हारा भला करे." आयुष्यात पहिल्यांदा ती माशांबद्दल कुणाचे तरी आभार मानत होती. घरी जाऊन तिने डोक्यावरून अंघोळ केली आणि देवाजवळ बराच वेळ बसली.

या वेळी सर म्हणाले, "पोटापासून ठोकळ्यापर्यंत सगळं माझ्यासमोर करायचं." मी म्हटलं, हरकत नाही. त्यांच्यासमोर एक मासा कापला, त्यांच्यासमोर ग्रंथी काढली, त्यांनी स्वतः बाटलीवर खूण केली. पुढचे दिवस द्रावणं बदलण्यात गेले. मेणात घालायच्या दिवशी दुपारी, व्हायचं तेच झालं. वीज गेली.

सर धावत आले. मला वाटलं आता उद्यावर ढकलतील. त्यांनी चहाच्या टपरीवरून रॉकेलचा स्टोव्ह आणवला, त्यावर पाण्याचं भांडं, त्यात मेणाची वाटी, वाटीत थर्मामीटर. जास्त तापलं तर पेशी जळणार, कमी झालं तर मेण गोठणार. एकजण स्टोव्हची वात बघणार, दुसरा पारा. त्या कोंदट खोलीत, खिडक्या बंद करून, रॉकेलच्या वासात आम्ही दोघं आळीपाळीने बसलो. सरांचा सदरा पाठीला चिकटला होता. ते सगळ्यांना शिव्या देत होते, वीज कंपनीला, सरकारला, स्टोव्हला, माशाला.

मग मध्येच म्हणाले, "तुम्ही माझा लेख वाचला आहे का?"

"कुठला, सर?"

"माझा पहिला. तुमच्याएवढा होतो. याच माशाच्या मापांवर. माद्या लवकर वाढतात, नर लवकर मरतात. मीच लिहिलं आहे ते."

मी पाऱ्याकडे बघत राहिले. लिहिलं गेलेलं आहे, असं ते महिनोन् महिने म्हणत होते. कुणी लिहिलं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"मी मधले मासे कापले नव्हते," ते म्हणाले. "मधल्यांचं काही कळत नव्हतं, म्हणून वगळले." आणि लगेच खेकसले, "पारा बघा, पारा. खाली चाललाय."

मी वात वर केली.

काप निघाले तेव्हा मी पंख्याच्या बटणावर कागद चिकटवला होता आणि त्यावर तीन भाषांत 'हात लावू नये' लिहिलं होतं. काचेवर घेतले, रंगवले, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. सर आधी बसले. मी मागे उभी होते. त्यांनी काच सरकवली, परत आणली, मीही एप्रिलमध्ये अगदी तसंच केलं होतं. बराच वेळ ते वर बघेनात. मग उठले आणि म्हणाले, "लिहा. पण हेही लिहा की मार्गदर्शक या मताशी सहमत नाहीत."

मी तसं लिहिलं. राग आला होता, पण लिहिलं.

तोंडी परीक्षेला दक्षिणेकडचे एक परीक्षक आले होते, बारीक आवाजाचे, फार सौम्य. त्यांनी प्रबंधाची पानं उलटली, ते वाक्य वाचलं आणि सरांकडे वळले. "तुमच्या विद्यार्थिनीचं म्हणणं तुम्हाला मान्य नाही?"

सर खुर्चीत ताठ बसले होते. पंखा बंद होता, वीज नव्हती. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं.

"मला मान्य नाही," ते म्हणाले. "पण ते काप माझ्यासमोर काढलेले आहेत, आणि त्यांना माझं म्हणणं मान्य नाही. तुम्ही कापांवर विश्वास ठेवा."

परीक्षकांनी मला आणखी दोन-चार प्रश्न विचारले, काय ते आता आठवत नाही. बाहेर आल्यावर सर शिपायावर ओरडत जिन्याने खाली गेले. मी त्यांना पुन्हा भेटले नाही. पुढे मी बिलासपूरला, मग नागपूरला कॉलेजात शिकवायला लागले, तेव्हा कधीतरी कळलं की ते वर्गात माशांच्या लिंगबदलावर शिकवताना आधी आपल्याच जुन्या लेखातली चूक फळ्यावर काढून दाखवत. चिडून दाखवत असणार. शांतपणे ते काही करत असतील असं मला वाटत नाही.

पण त्या दिवशी मी घरी आले तेव्हा दुपार कलत होती. क्वार्टर जवळजवळ रिकामं झालं होतं. आई फरशीवर बसून कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"पास करतील?"

"करतील बहुतेक."

मी तिच्यासमोर बसले आणि कागद फाडून द्यायला लागले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "काय होतं तरी काय ते? त्या सबनीसबाईंसमोर बोललीस तेव्हा मी लाजेने अर्धं ऐकलंच नाही."

मग मी तिला सांगितलं, नीट, पहिल्यापासून. वाळूत पडून राहतो, डोळे तेवढे बाहेर. लहान असताना नर असतो. नराला काम थोडं, शरीर लहान असलं तरी भागतं. अंडी वाहायची तर शरीर मोठं लागतं, जितकं मोठं तितकी जास्त अंडी. म्हणून मोठा झाला की त्याची मादी होते. मग आयुष्यभर मादीच. परत फिरता येत नाही.

आई ऐकत होती. एक बशी गुंडाळून झाली, ती खोक्यात ठेवली, दुसरी घेतली.

"सगळ्यांचंच असं होतं?"

"जे जगतात त्यांचं होतं."

तिने बशी हातात तशीच धरली. बाहेर नदीवर एक भोंगा वाजला. ती विचार करत होती, खरोखरच करत होती. मी तीस वर्षं हा धडा शिकवला, हुशार मुलं होती, पण आईने विचारलं ते त्यांच्यातल्या कुणी विचारलं नाही.

"आणि हे माहीत असून," आई म्हणाली, "तो वाढतो?"